न झालेल्या विजेचा हिशेब

पॅरिस, सातवा मजला, काचेच्या खोक्यात मी दुभाषी.
कानात जर्मन, तोंडात इंग्रजी,
मधे अर्ध्या सेकंदाची फट.
त्यात जे पडायचं ते पडतंच.

समोर तीन लवाद : एक मोंतेविदेओचे,
एक सिंगापूरच्या,
तिसरे सारखा चष्मा पुसणारे.
डावीकडे परदेशी कंपनी. उजवीकडे एक अख्खा देश,
त्याचेही वकील तासाच्या बोलीवर.
कॉफीचा थर्मास मात्र दोघांत एकच.

आज साक्षीला हिनेर्क टाडसेन.
एल्बेकाठच्या अणुवीजकेंद्रात एकोणतीस वर्षं पाळीप्रमुख.
कोट बहुधा भावाचा, बाह्या बोटांपर्यंत.

पहिल्याच वाक्यात शब्द अडला : आउसश्टीग.
संसदेने अणुऊर्जेचं जे केलं, त्याचं हे नाव.
पण आमच्याकडे बसमधून उतरण्यालाही हेच म्हणतात.
घंटा दाबायची, दार उघडतं, पाय टेकतो,
बस पुढे जाते.
मी म्हटलं, 'टप्प्याटप्प्याने बंद करणं',
आणि फटीत बस पडली.

वकीलबाई विचारतात :
कायदा बदलला नसता, तर उरलेल्या सोळा वर्षांत
या अणुभट्टीने किती वीज दिली असती?
ठाऊक नाही, हिनेर्क म्हणतो.
अंदाजे?
पंप बिघडतात, तो म्हणतो. माणसं आजारी पडतात.
तज्ज्ञांच्या अहवालात आकडा आहे,
दशांशचिन्हापुढे चार घरं.
बाजारात तुरी,
आणि इथे वरणाच्या वाटीवरून नववा दिवस.

या विजेवर कुणी अंडं उकडलं नाही.
हिच्या उजेडात कुणी
कानातली हरवलेली फिरकी शोधली नाही.
न जन्मलेल्या या विजेचं
वय मोजून झालंय, वजन मोजून झालंय,
आता व्याज मोजतात.

जेवणाच्या सुट्टीनंतर अध्यक्षांनी चष्मा घातला.
साक्षीदाराला स्वतःहून काही सांगायचंय?

ती बंद होत नाही, हिनेर्क म्हणाला.
म्हणजे आम्ही बंद केली.
सगळे बघायला आले होते, कुणीतरी केक आणला होता.
पण आतली ऊब जात नाही. पाणी फिरवत ठेवावं लागतं,
रात्री, नाताळात, पुरात.
माझी गेशे सतरा वर्षांची असताना
फाटकाला साखळीने बांधून घ्यायची,
मी पाळी संपवून तिच्यासमोरून घरी जायचो,
डबा हातात, मान खाली.
आता ती रोज त्याच फाटकातून आत जाते.
भिंती कापते, तुकडे मोजते, एकेका तुकड्याला नंबर देते.
परवा विचारत होती, बाबा, हे ठेवायचं कुठे?
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला काही विचारलं.

हे दाव्याशी संबंधित नाही, डावीकडून.
सहमत, उजवीकडून.
नऊ दिवसांत पहिल्यांदा दोघांचं जमलं.

मग तो एक वाक्य बोलला, हलक्या आवाजात,
जर्मनमध्ये नव्हे, प्लाटमध्ये,
बंधाऱ्यावर मेंढ्यांना हाकताना बोलतात त्या बोलीत.
ती माझ्या करारात नाही.
नोंदलेखिकेने माझ्याकडे पाहिलं. मी माइकचं बटण सोडलं.
कामकाजाच्या नोंदीत आहे : ऐकू आलं नाही.

मी त्याच नदीच्या अलीकडच्या काठावर वाढले.
आमच्या औषधांच्या खणात खोकल्याच्या बाटलीशेजारी
आयोडीनच्या गोळ्या असायच्या, मुदत संपलेल्या,
आणि आई त्या फेकू देत नसे.

संध्याकाळी लिफ्टपाशी हिनेर्क
साक्षीदाराच्या भत्त्याचा फॉर्म भरत उभा होता,
भिंतीला कागद टेकवून, बाह्या वर सारत.
रेल्वे, परतीची. हॉटेल, एक रात्र.
कॉफी, दोन, असं लिहिलं त्याने.
थोडं थांबला,
मग एक खोडली.